वीतभर लांब साखळी

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्या घरात मी राहायला गेले त्या दिवशी माझ्या खोलीचा पंचनामा झाला. खोटं सांगत नाही. माझी सूटकेस अजून जिन्यातच होती आणि घरमालक काका टेप घेऊन खोलीच्या चारी भिंती मोजत होते. पंच म्हणून दाराशी दोघं उभे केलेले. एक शेजारच्या पंजाबी आंटी, आणि दुसरा पार्सल द्यायला आलेला एक बिचारा माणूस. काका मोजायचे, मोठ्याने सांगायचे, आणि मी लिहून घ्यायचं.

"पूर्वेस खिडकी, सुस्थितीत. पश्चिमेस दार, खालून करकरतं. लिही, करकरतं लिही. नंतर म्हणशील, काकांनी सांगितलं नव्हतं."

पार्सलवाल्याने विचारलं, "इज धिस लीगल, मेट?"

"मोअर लीगल दॅन युअर पार्किंग," काका म्हणाले आणि त्याच्यापुढे कागद धरला. त्याने सही केली! मला वाटलं, आपण कुठल्या वेड्याच्या घरात येऊन पडलोय. पुढे दोन वर्षं मी त्याच घरात राहिले आणि आजही कोणी विचारलं की तुला खरं कोणी शिकवलं, तर मी युनिव्हर्सिटीच्या आधी त्या घराचा पत्ता सांगते.

काका ऐंशीला टेकलेले. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून रिटायर झालेले. पण त्याआधी, इथे येण्याआधी, ते माणदेशातल्या एका तालुक्याला मोजणीदार होते. सरकारी मोजणी ऑफिसात, जमिनी मोजायला. कारखान्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलत नसत. मोजणीबद्दल बोलायला लागले की चहा गार व्हायचा.

अंतर ते मैलात सांगत नसत, मिनिटांतही नाही. साखळ्यांत सांगत. "स्टेशन ऐंशी साखळ्या. आत्ता निघालीस तर ट्रेन मिळेल, केस विंचरलेस तर नाही." त्यांची साखळी म्हणजे आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. ती उभी-आडवी टाकली की एक गुंठा. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, मग पोस्टमनला, मग मला वाटतं दवाखान्यातल्या डॉक्टरलाही.

आणि त्यांचा एक प्रश्न होता. कुठेही गेले तरी तोच. "जमीन कोणाची?" नवीन दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली, तर हे तिला विचारतात, ही बिल्डिंग व्हायच्या आधी इथे जमीन कोणाची होती? ईलिंगला मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. तिथे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि मागून काकांचा आवाज: "ही शाळा कोणाच्या जमिनीवर आहे, कोणाला ठाऊक आहे का?"

"काका, आपण आरतीनंतर बोलू ना," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

"आरतीनंतर जेवण असतं. जेवण झालं की तुम्ही सगळे गाड्या काढता. आत्ताच सांगा."

हॉलभर हशा. काका हसले नाहीत.

कुंपणाची गोष्ट तर आमच्या रस्त्यावर अजून सांगतात. वादळात मागच्या बागेतली फेन्स पडली आणि माणसं येऊन नवी ठोकून गेली. दुसऱ्या दिवशी काका टेप घेऊन बागेत. फेन्स तीन इंच सरकली होती. आता कोणीही म्हणेल, शेजाऱ्याने तीन इंच खाल्ले म्हणून भांडण झालं असेल. उलटं! ते तीन इंच आंटींचे होते आणि काकांकडे आले होते. काकांचं म्हणणं, फेन्स उपटून आंटींची जमीन आंटींना परत द्यायची.

आंटी हात जोडून म्हणाल्या, "भाईसाब, तीन इंच में मैं क्या उगाऊँगी? धनिया?"

"धनिया उगाओ, नहीं तो मत उगाओ. पर जमीन आपकी है."

काकांची मुलगी ब्रॅकनेलला राहते, आयटीत आहे, इथेच जन्मलेली. तिला आंटींनीच फोन केला. ती आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, थ्री इंचेस! एवढं छोटा गोष्ट. कोण बघतो?"

"मी बघतो," काका म्हणाले.

झालं. शनिवार-रविवार काँक्रीटसकट खांब उपटले आणि तीन इंचांवर पुन्हा रोवले. माल मी कालवला. माझे वडील गवंडी आहेत, मला ते येतं. काकांनी खांब हलवून बघितला आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाने तुला नीट शिकवलंय." त्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

आता माझं सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते, आणि लाजत नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले, मग एम.ए., मग स्कॉलरशिप मिळवून लंडनला आणखी एका मास्टर्सला आले. निघाले तेव्हा गावात चौकात माझा फ्लेक्स लागला होता, 'उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो, त्यातले अर्धे मला ओळखतही नव्हते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फ्लेक्स नंतर उतरवून घडी घालून घरात ठेवला.

प्रबंधाचा विषय मी निवडला होता तो असा. अमेरिकेत अगदी सुरुवातीला कॉलेजं निघाली, तेव्हा तिथल्या राज्यांकडे द्यायला पैसा नव्हता. पण नकाशावर जंगल मुबलक होतं. मग राज्य कॉलेजला जंगलाचा एक पट्टा देऊन टाकायचं, सहा मैल लांब, सहा मैल रुंद. कॉलेजने तो मोजून घ्यायचा, तुकडे पाडायचे, वसायला येणाऱ्या लोकांना विकायचे नाहीतर खंडाने लावायचे, आणि त्यावर मास्तरांचे पगार भागवायचे. मला हे भारी वाटलं होतं. जमिनीवर कॉलेज उभं राहतं हे सगळ्यांना माहीत असतं, इथे जमीनच कॉलेजला पोसत होती!

काकांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते थालीपीठ उलटत होते. उलथनं हवेतच राहिलं.

"राज्याने दिली म्हणतेस. राज्याची होती का?"

"म्हणजे... जंगल होतं, काका. रिकामं."

"कोणी राहत नव्हतं?"

"तिथले मूळ रहिवासी होते. त्यांची शिकारीची रानं, नदीकाठची शेतं..."

"मग रिकामं कसं?"

थालीपीठ करपलं. त्यांनी ते तसंच खाल्लं, आणि माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझ्या पहिल्या ओळीत 'रिकामं' असेल तर काढ ते." होतंच. मी काढलं. त्या दिवसापासून त्यांना माझ्या विषयाचं वेड लागलं. लायब्ररीतून अमेरिकेच्या जुन्या मोजणीवरची पुस्तकं मागवायला लागले आणि एके दिवशी धापा टाकत जिना चढून माझ्या खोलीत आले. "पोरी! त्यांची साखळी सहासष्ट फुटांची! आपल्या बरोब्बर दुप्पट! म्हणजे माप तेच! तुझं ते कॉलेजचं जंगल आणि आमचा माणदेश एकाच मापाने मोजलंय!" लॉटरी लागली असती तरी माणूस इतका खूश होणार नाही.

एवढं असून माझा प्रबंध नापास झाला. सरळच सांगते, लपवायचं काय त्यात.

झालं होतं असं. मी एका कॉलेजला मिळालेला एकच पट्टा घेऊन बसले होते. कागदावर तो नीट चौकोन. पण त्या हद्दी आजही तिथल्या गावांच्या हद्दी आहेत, त्या मी आजच्या नकाशावर मोजल्या, तर दक्षिणेची आणि पूर्वेची बाजू लांब निघाली. रुमालाचा एक कोपरा कोणी ओढून धरावा तसा तो पट्टा आग्नेयेला ओढलेला. मी लिहून टाकलं की राज्याने उदार मनाने कॉलेजला जास्त जमीन दिली. परीक्षकांनी समासात लिहिलं, उदारपणाचा पुरावा काय? आणि खाली, नापास. सहा आठवड्यांत सुधारून द्या. एकदाच संधी.

ती संधी गेली तर पदवी नाही, पदवी नाही तर पुढचा व्हिसा नाही. आणि घरी तो घडी घातलेला फ्लेक्स. मी अण्णांना फोनवर सांगितलं, "थोडं दुरुस्त करायला सांगितलंय." काकांना काहीच सांगितलं नाही. चार दिवस खालीच उतरले नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, दाराखालून एक चिठ्ठी आली. 'भाडेकरू जिवंत आहे किंवा कसे, याची खात्री करणेची आहे.'

मी खाली गेले आणि सगळं सांगितलं. रडलेही थोडी. त्यांनी माझं रडणं होऊ दिलं, चहा ठेवला, आणि म्हणाले, "मोजणीवही कुठे आहे?"

"नकाशा आहे ना, काका."

"नकाशा साहेबासाठी काढतात, नीटनेटका. रानात काय झालं ते वहीत असतं."

वही माझ्याकडे होती. ज्या माणसाने तो पट्टा मोजला त्याच्या रोजच्या नोंदी, स्कॅन केलेल्या. मी मोठ्याने वाचू लागले आणि काका डोळे मिटून ऐकू लागले. इतक्या साखळ्यांवर ओढा. इतक्यांवर बीच जातीचं झाड, खूण केली. दलदल. पुन्हा दलदल. एक ओळ मी गाळली.

"काय गाळलंस?"

"काही नाही हो, सामानाचं आहे."

"वाच."

"जुनी साखळी बाजूला ठेवली. नवी घेतली."

काका उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "कुठे? कुठे घेतली नवी? कोणत्या कोपऱ्यावर?"

मी वर-खाली शोधलं. ईशान्येचा कोपरा. नैऋत्येला सुरुवात केली होती त्यांनी, आधी दक्षिणेची बाजू मोजली, मग पूर्वेची, त्या कोपऱ्यावर नवी साखळी घेतली, आणि मग उत्तर आणि पश्चिम.

"कोणत्या बाजू लांब आहेत तुझ्या?"

"दक्षिण..." मी म्हणाले, आणि पुन्हा वहीकडे बघितलं. "दक्षिण आणि पूर्व!"

मी किंचाळले. खरंच किंचाळले. काकांनी टेबलावर अशी थाप मारली की कप उलटला, आणि आंटींनी पलीकडून भिंत वाजवली, "सब ठीक है?" "फर्स्ट क्लास!" काका ओरडले.

मग त्यांनी मला समजावलं. साखळी म्हणजे लोखंडी कड्या. चिखलातून, दगडांवरून ओढून ओढून एकेक कडी झिजते, केसाएवढी. सगळ्या कड्यांचं मिळून साखळी वीतभर लांबते. मोजणारा म्हणतो एक साखळी, पण जमीन जाते एक साखळी आणि वर वीतभर. सहा मैल जाईपर्यंत त्या वितींची एक अख्खी गल्ली होते. म्हणून तर त्यांच्या ऑफिसच्या आवारात दोन दगड पुरलेले असायचे, रोज सकाळी साखळी त्यांच्यामध्ये धरून तपासायची आणि मगच रानात जायचं.

दहा दिवसांत मी तो सगळा भाग नव्याने लिहिला. राज्याचा उदारपणा वगैरे काही नाही, झिजलेली साखळी! इतकं साधं, इतकं सुंदर. प्रिंट काढून काकांना दिलं आणि कॉलर ताठ करून समोर बसले. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि एकच शब्द खोडला. 'चुकीमुळे' असा शब्द होता.

"ही चूक नाही."

"काका, साखळी झिजली होती. तुम्हीच सांगितलंत!"

"झिजली होती. पण जुनी वापरली कुठे?"

"दक्षिणेला आणि पूर्वेला."

"तिथे काय होतं?"

"नदी. काठाने माणसं आधीच वसली होती, कागद नव्हते त्यांच्याकडे, पण झाडं तोडून शेतं केली होती."

"आणि नवी कुठे काढली?"

"उत्तरेला. तिकडे खडक..." मी थांबले. मग मला रागच आला. "तुम्हाला काय माहीत त्याच्या मनात काय होतं? कोण कुठला दोनेकशे वर्षांपूर्वीचा माणूस! मी हे कसं लिहू? पुन्हा विचारतील, पुरावा काय. मला नापास नाही व्हायचं, काका!"

"मला माहीत आहे."

"कसं?"

ते उठले. लॉफ्टमध्ये चढले. या वयात, शिडीवरून, मी खालून "अहो काका, पडाल" म्हणत असताना. उतरले ते बासमतीच्या एका जुन्या गोणीसकट. गोणी खळखळत होती.

"चल. क्रिकेटच्या ग्राउंडवर. चौदा साखळ्या."

स्वच्छ ऊन पडलेलं. ग्राउंडवर दुपारच्या मॅचची तयारी चालली होती, स्टंप रोवून झाले होते. काका सरळ पिचवर निघाले तसा तिथला ग्राउंड्समन, एक लालबुंद धिप्पाड आजोबा, धावत आला. "ऑफ द स्क्वेअर! सर! ऑफ!"

काकांनी बूट काढून बाजूला ठेवले. देवळात शिरताना काढतात तसे. तो माणूस जागच्या जागी थांबला. मग काकांनी त्याला सांगितलं की तुझं पिच बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट, म्हणजे माझ्या दोन साखळ्या, आणि मला फक्त एवढंच बघायचं आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्लीज. इट्स फॉर माय डिग्री."

गोणीतून साखळी निघाली. काळी, तेलाने पुसून ठेवलेली, दोन्ही टोकांना पितळी मुठी. एक मूठ मी या बाजूच्या स्टंपांशी धरली. काका दुसरी घेऊन चालत गेले, ताणली, खूण केली. "एक!" मी पुढे येऊन खुणेवर मूठ धरली, ते पुन्हा निघाले. दुसरी साखळी संपायला हवी होती समोरच्या स्टंपांशी.

ती स्टंपांच्या पुढे गेली. वीतभर.

ग्राउंड्समनने ते पाहिलं आणि त्याचा अपमानच झाला. "माय पिच इज राइट!" तो तरातरा गेला, टेप घेऊन आला, आमच्या डोळ्यांदेखत मोजलं. बावीस यार्ड, सुताचाही फरक नाही.

"येस सर," काका म्हणाले. "युअर पिच इज राइट. माय चेन इज राँग. ऑल माय लाइफ, राँग."

मग तिथेच गवतावर बसून त्यांनी मला सांगितलं. त्या तालुक्याला कॉलेज मंजूर झालं होतं, पहिलंवहिलं. सगळा तालुका नुसता उत्साहाने पेटलेला. गायरानातली जमीन सरकारने कॉलेजला दिली, आणि मोजायला गेले हे, वय वीस-बावीस. ऑफिसात दोन साखळ्या होत्या, एक नवी, एक झिजलेली. कोणती कोणती ते शिपायालाही माहीत होतं. साहेब म्हणाले, कॉलेज होतंय, पोरं शिकतील, जरा सढळ हाताने मोजा. यांनी कॉलेजची जमीन जुन्या साखळीने मोजली. रस्त्यापासून मोजत गेले आणि हद्दीचा दगड पलीकडच्या एका बाईच्या शेतात जाऊन बसला.

"ती बांधावर उभी होती. म्हणाली, 'सायेब, काल ह्यो दगूड तिकडं हुता.' मी म्हणालो, 'बाई, साखळी खोटं बोलत नाही.'"

पिचवर रोलर फिरायला लागला होता. मी विचारलं, "मग साखळी इथे कशी आली?"

"नोकरी सोडताना उचलून आणली. ऑफिसात राहिली असती तर पुन्हा कोणीतरी वापरली असती." मग म्हणाले, "कॉलेज झालं बरं का. तुझ्यासारख्या पोरी शिकल्या तिथे. तेही खरंच आहे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, हा पुरावा आहे! मोजणारा माणूस साखळी कशी निवडतो, हे मोजणाऱ्यानेच सांगितलेलं. मी प्रबंधाच्या सुपरवायझर बाईंना भेटले. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, अमेरिकेतल्या माणसाच्या मनात काय होतं हे यावरून सिद्ध होत नाही, पण वहीशेजारी ठेवायला हे फार मोलाचं आहे. त्या गृहस्थांनी सही करून दिलं तर परिशिष्टात घाल. त्यांनी युनिव्हर्सिटीचा कन्सेंट फॉर्म दिला.

काकांनी तो चष्मा लावून वाचला आणि बाजूला सारला. "यावर पंचांना जागाच नाही. मी जबाब लिहून देतो."

तीन दिवस लिहीत होते. सुंदर वळणदार अक्षर, थेट सरकारी भाषा. 'मी खाली सही करणार विचारलेवरून जबाब देतो की...' सगळं लिहिलं. साहेब, साखळी, दगड, बाई काय म्हणाली, आपण काय म्हणालो. मध्ये एक जागा मात्र कोरी.

"काका, इथे राहिलं."

"तिथे तिचं नाव. मला सर्व्हे नंबर पाठ आहे. नाव आठवत नाही. मी विचारलंच नव्हतं बहुतेक."

"मग 'एक महिला शेतकरी' लिहा ना."

"नाव आल्याशिवाय सही नाही."

शुक्रवारी दुपारी बारा वाजता प्रबंध द्यायचा होता. हा मंगळवार. मी विनवण्या केल्या, चिडले, ब्रॅकनेलला फोन केला. मुलगी म्हणाली, "ताई, मी त्यांना फिफ्टी इयर्स ओळखतो. नाही करणार." शेवटी मी अण्णांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. नापास झाले तेही.

अण्णा म्हणाले, "सर्व्हे नंबर सांग. लिवून घेतो."

बुधवारी पहाटेच्या एस.टी.ने माझा बाप दोन तालुके ओलांडून तिथे गेला. रेकॉर्ड रूमच्या क्लार्कने विचारलं, तुमचा काय संबंध? अण्णा म्हणाले, "माझी पोरगी लंडनला कॉलेजात हाय. तिला अभ्यासाला पायजे." क्लार्क म्हणाला उद्या या. अण्णा तिथल्या एस.टी. स्टँडवर झोपले आणि 'उद्या' उजाडल्यावर पहिले जाऊन उभे राहिले. गुरुवारी मी आणि काका स्वयंपाकघरात नाश्ता न करता बसलो होतो, तेव्हा फोनवर फोटो आला. जुना फेरफार, शाई फिकी झालेली. पण नाव वाचता येत होतं. काकांनी ते दोनदा वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग पाठोपाठ अण्णांचा व्हिडिओ कॉल.

"नमस्कार मालक," अण्णा म्हणाले. "मिळालं का नाव?"

"मिळालं. फार उपकार झाले तुमचे, दादा." काकांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. "आणखी एक काम होतं. कॉलेज जवळच आहे. त्या पट्टीवर आता काय आहे, बघाल? रस्त्यापासून आत, दक्षिणेकडे..."

"सांगा की. पावलं टाकतो."

काका स्लाऊमधून साखळ्या सांगत होते आणि अण्णा तिकडे पावलं मोजत होते. फोनच्या पडद्यावर धूळ, गेट, पळणाऱ्या पोरी, लिंबाचं झाड. अण्णा थांबले. गवंड्याच्या नजरेने इकडेतिकडे बघितलं.

"हितंच. हद्द हितं येतीय."

"काय आहे?"

"सायकल स्टँड."

"सायकल स्टँड?"

"पत्र्याचा. मोठा हाय, पन्नास-साठ सायकली बसतील." अण्णांनी फोन फिरवून दाखवला. "दोन हायत. एक पंक्चर दिसतीय. आता पोरं मोटारसायकलीवर येत्यात, मालक."

काका हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यातलं हसण्याचं किती, दुसरं किती, हे मी मोजायला गेले नाही. अण्णा तिकडून "काय झालं? काय झालं?" विचारत राहिले.

मग त्यांनी तोंड धुतलं, पेन घेतलं, कोऱ्या जागेत नाव लिहिलं. शेवटी दोन-तीन ओळी वाढवल्या आणि सही केली. पंच कोण? मी पुढे झाले तर म्हणाले, "तू लाभार्थी. तुला चालणार नाही." आंटींनी सही केली, आणि दुसरी सही घ्यायला मी क्रिकेट ग्राउंडवर पळत गेले, कारण साखळी लांब असल्याचं त्या लालबुंद आजोबांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी सहीखाली लिहिलं, 'पिच वॉज करेक्ट.'

शुक्रवारी सकाळी अकराला मी प्रबंध दिला. पास झाले, आणि चांगल्या मार्कांनी झाले. अण्णांनी तो फ्लेक्स पुन्हा चौकात लावायला काढला होता, मी नको म्हटलं, त्यांनी लावलाच. परीक्षकांनी या वेळी 'पुरावा काय?' असं कुठेच लिहिलं नव्हतं. फक्त परिशिष्टात, माझ्या भाषांतराच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने एक रेघ होती. मूळ मराठी जबाबाचा शेवट काकांच्या अक्षरात असा आहे:

'सदर पट्टीवर सध्या सायकल स्टँड असून तो बहुतांशी रिकामा असतो. येणेप्रमाणे जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे. साखळी खोटी होती.'